आत्याबाईने काढलेले फोटो

आमच्या भाऊजींना जन्मात एकच गोष्ट नीट जमली, ती म्हणजे फोटो काढणं, आणि तीच त्यांच्या मुळावर आली. बाकी नोकरी, संसार, वेळेवर घरी येणं, या सगळ्यात ते पहिल्यापासून नापास. हे मी मेहुणा म्हणून सांगतोय आणि मेहुण्याचं बोलणं लोक निम्मंच धरतात, हे मला ठाऊक आहे. पण त्यांना मी जितकं पाहिलं तितकं माझ्या ताईनेही पाहिलं नसेल. ती दिवसभर कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर बसलेली असायची आणि तिचा नवरा दिवसातून चारदा माझ्या दुकानात येऊन माझा चहा प्यायचा.

माझं दुकान फ्रेमचं. बाजाराच्या गल्लीत, एका अंगाला न्हावी, दुसऱ्या अंगाला पत्र्याच्या ट्रंका ठोकून सरळ करणारा. लोक फोटो आणतात, मी लाकडी पट्टी तिरकी कापतो, कोपरे जुळवतो, मागे पुठ्ठा आणि पुढे काच लावून देतो. निम्मी गिऱ्हाइकं लग्नाचे फोटो घेऊन येतात आणि निम्मी गेलेल्या माणसांचे. पहिली माणसं घासाघीस करतात, दुसरी करत नाहीत. एवढंच माझं शहाणपण.

भाऊजी आधी एका स्टुडिओत नोकरीला होते. मागे रंगवलेला बगीचा, पुढे खुर्ची, खुर्चीवर नवरा, मागे बायको, तिचा हात त्याच्या खांद्यावर. सहा-सात वर्षं त्यांनी हे केलं आणि एक दिवस मालकाला सांगून आले की मला हे जमणार नाही. ताईने विचारलं, का? तर म्हणाले, "खुर्चीवर बसवला की माणूस मरतो गं. मला जिवंत माणसं हवीत."

"जिवंत माणसं घरात दोन आहेत," ताई म्हणाली, "त्यांना जेवायला लागतं."

पण ते ऐकतात कसले. त्यानंतर ते जे रस्त्यावर गेले ते गेलेच. सकाळी बस डेपो, दुपारी बाजार, संध्याकाळी सिनेमाचं थिएटर. शहरातली माणसं कामात असताना कशी दिसतात, ते त्यांना टिपायचं होतं. कुणी पोझ दिली की त्यांच्या कपाळावर आठी. रोल ते घरीच धुवायचे, ताईच्या न्हाणीघरात. खिडकीला काळा कपडा, बादल्यांत औषधं, दोरीवर चिमट्यांनी लटकवलेल्या ओल्या पट्ट्या. ताईला स्वतःच्या घरात आंघोळीसाठी ताटकळत बसावं लागे आणि आत कोण, तर बस कंडक्टर, भाजीवाल्या आणि कुणाची तरी म्हैस.

फोटो मात्र असे यायचे की मीसुद्धा गप्प बसायचो. आमच्या शेजारच्या न्हाव्याचा एक होता. गिऱ्हाइकाचा अर्धा गाल साबणाने पांढरा, न्हाव्याचा वस्तरा हवेत, आणि दोघेही माना वळवून बाहेरचं भांडण बघताहेत, दोघांचीही तोंडं उघडी. जुने कपडे विकणारी एक बाई होती. तिने पहिल्या दिवशी भाऊजींच्या अंगावर बादलीभर पाणी फेकलं. त्यांनी त्या पाण्याचाच फोटो काढला. बादली, हवेतलं पाणी आणि मागे तिचा संतापलेला चेहरा. तो तिला नेऊन दिला, तर बाई खूश. म्हणाली, "मी अशी दिसते होय? मग माझा नवरा घाबरतो त्यात नवल नाही." तेव्हापासून ती भाऊजींना बसायला खोकं द्यायची.

आणि एक होता पोस्टरवाला. थिएटरवर लावायचे मोठे पडदे रंगवायचा. बांबूच्या परांचीवर लोंबकळत, नटीच्या दोन डोळ्यांच्या मधोमध बसून विडी ओढताना भाऊजींनी त्याला पकडला होता. माणूस गुणी, पण त्याच्या हातात एकच चेहरा होता. गल्लीतल्या डॉक्टरने स्वतःच्या वडलांचं चित्र काढून घेतलं, तर म्हातारा असा दिसला की आता उठून नायिकेच्या मागे झाडाभोवती पळेल.

आता आत्याबाईबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

रस्त्यावर कॅमेरा बाहेर काढला की गुळाला मुंगळे लागावेत तशी माणसं लागतात. माझा काढा, आमच्या दोघांचा काढा, माझ्या सायकलचा काढा. नाही म्हटलं की माणूस दुखावतो आणि दुखावलेला माणूस दुसऱ्या दिवशी गल्लीत उभं राहू देत नाही. हो म्हटलं तर रोल संपतो, आणि ज्याच्यासाठी सकाळपासून पायपीट केली तो क्षण येतो तेव्हा हातात काहीच उरत नाही. यावर भाऊजींनी, आणि त्यांच्या म्हणण्यानुसार या धंद्यातल्या पुष्कळांनी, एक तोड काढलेली होती. गळ्यात दोन कॅमेरे. एकात रोल, दुसरा रिकामा. जिवंत माणूस भरलेल्या कॅमेऱ्यात, पोझवाला रिकाम्यात. आवाज दोन्हींचा सारखाच. खट् झालं की पोझवाला खूश होऊन आपल्या वाटेने जातो.

त्या रिकाम्या कॅमेऱ्याचं नाव आम्ही आत्याबाई ठेवलं होतं. समारंभाला येते, सगळ्यांच्या तोंडावरून हात फिरवते, तोंड भरून कौतुक करते, आणि जाताना हातावर छदामही ठेवत नाही. भाऊजी दुकानात आले की मी विचारायचो, "आज आत्याबाईने किती जणांना धन्य केलं?" ते हसून सांगायचे. पोझवाले फोटो मागायला येतही नसत. गर्दीतला माणूस, दुसऱ्या दिवशी विसरतो. कुणाचं काही बिघडत नव्हतं, असा आमचा समज.

विसरला नाही तो एकच. कंगवा.

कंगवा आमच्या बाजारातला हमाल. लोखंडी कपाटं, गाठोडी, गोण्या, जे सांगाल ते पाठीवर घेऊन चौथ्या-पाचव्या मजल्यावर चढायचा. खिशात कायम एक लाल कंगवा, म्हणून ते नाव. भाऊजींना तो आवडायचा तो ओझ्याखाली. कपाट पाठीवर, कमरेत वाकलेला, दोराचा पट्टा कपाळावरून घेतलेला, पिंढऱ्यांच्या शिरा तट्ट फुगलेल्या. असे त्याचे फोटो त्यांनी भरलेल्या कॅमेऱ्यात पुष्कळ काढले. पण कंगव्याला ते माहीतच नव्हतं. त्याला खाली जमीन आणि स्वतःचे पाय एवढंच दिसत असायचं.

त्याला हवा असायचा तो दुसरा फोटो. ओझं उतरवलं आणि भाऊजी दिसले, की हात वर. "साहेब, एक मिनिट हं." मग न्हाव्याच्या नळावर जाऊन केसांना पाणी, लाल कंगव्याने मधोमध भांग, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण बंद. येऊन भिंतीला पाठ लावून ताठ उभा. हात दोन्ही बाजूंना सरळ. श्वाससुद्धा घेत नसे.

भाऊजी मला हळूच म्हणायचे, "बघ. आत्ता कपाट होतं तेव्हा काय दिसत होता! सगळं मारून टाकलं लेकाने." मग आत्याबाई वर घ्यायचे. "तयार? हलू नकोस." खट्. "थांब, अजून एक. जरासा इकडे वळ. वा!" खट्.

हे 'अजून एक' त्यांनी का सुरू केलं, कुणास ठाऊक. मला वाटतं, कंगव्याचा आनंद बघून त्यांनाच राहवत नसे. रिकाम्या हाताने द्यायचंच आहे तर सढळ द्यावं, तसं काहीसं.

"छान आला ना साहेब?"

"झकास."

त्याने कधी कॉपी मागितली नाही. एकदा मीच गंमत म्हणून विचारलं, "काय रे, घरी नाही नेत फोटो?" तर म्हणाला, "साहेबांकडेच असू द्यात. आमच्या खोलीत ओल आहे, खराब होतील." आम्ही दोघे त्यावर नंतर किती हसलो. आज ते हसू आठवलं की माझंच तोंड कडू होतं.

कंगवा गेला तो जिन्यात. एका दिवाणखान्यासाठी कपाट चढवत होता. वळणावर दोर तुटला आणि कपाट त्याच्यासकट खाली आलं. त्याच्या बायकोला कामावरून बोलावून आणलं, पण बायकांनी तिला धरून ठेवलं आणि चादर वर करू दिली नाही. म्हणाल्या, बघण्यासारखं काही राहिलेलं नाही, आहे तसाच आठव. ते त्यांनी चांगल्या मनानेच केलं.

काही आठवड्यांनी ती माझ्या दुकानात आली. कडेवर मुलगी, जेमतेम चालायला लागलेली. बाई कमी बोलणारी, पण ठरवून आलेली. भिंतीवर लावलेले पट्ट्यांचे नमुने तिने एकेक करून हाताने चाचपून पाहिले आणि गडद लाकडाची, नक्षी नसलेली पट्टी निवडली.

"केवढा फोटो आहे?" मी विचारलं.

"ते तुमच्या भाऊजींना विचारा. फोटो त्यांच्याकडेच आहेत ना यांचे. मला सगळे नकोत. एकच द्या म्हणावं. सरळ बघतानाचा."

माझ्या हातातली पट्टी तशीच राहिली. मी म्हटलं, "घरात एखादा असेल की. लग्नातला?"

"आमच्या लग्नात कोण काढणार फोटो?" ती म्हणाली. "ही झाली तेव्हा मी म्हटलं होतं, एकदा स्टुडिओत जाऊ, तिघांचा काढू. तर म्हणाले, वेडी का तू, कशाला पैसे घालवायचे? माझे किती निघालेत मोठ्या कॅमेऱ्यात. साहेब तर एकावर थांबत नाहीत, अजून एक, अजून एक म्हणतात." हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान होता. "तुमच्याकडे नीट राहिलेत, ते बरं झालं. आमच्याकडे सगळ्याला बुरशी येते."

मी तिला काय सांगणार होतो? म्हटलं, भाऊजींना निरोप देतो. तिने हाताने अंदाजे माप दाखवलं आणि गेली. मी त्या मापाची फ्रेम करायला घेतली, कारण दुसरं काही सुचेना.

भाऊजींना सांगितलं तेव्हा ते माझ्या स्टुलावर बसले. मग एकदम म्हणाले, "असेल. कुठेतरी असेलच. एवढे रोल आहेत, कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात तो आला असणारच." त्यांचा आवाज ऐकून मला भीती वाटली. बुडणारा माणूस काडी धरतो, तसा तो आवाज होता.

पुढचे कितीतरी दिवस ते कामाला बाहेर पडले नाहीत. घरातले सगळे डबे उघडले. खिडकीपाशी बसून एकेक पट्टी उजेडाला धरायची, भिंगातून बघायचं, बाजूला ठेवायचं. ताईने कारखान्यातून दोन दिवस सुट्टी काढली आणि तीही बसली. ताईचं मला फार वाईट वाटलं. ज्या पट्ट्यांनी तिचं न्हाणीघर बळकावलं, त्याच ती आता डोळ्यांत पाणी येईपर्यंत बघत होती, जाणाऱ्या-येणाऱ्या गर्दीत एक भांग शोधत होती.

कंगवा सापडला. पुष्कळ वेळा सापडला. कपाटाखाली, गाठोड्याखाली, गोणीखाली. पाठ सापडली, पिंढऱ्या सापडल्या, कपाळावरचा पट्टा धरलेली बोटं सापडली. एकात तो न्हाव्याच्या मागे उभा राहून तांब्याने पाणी पीत होता. मान वर आणि तोंडावर तांब्या. त्या फोटोत त्याची हनुवटी स्पष्ट होती.

"एकदा तरी," भाऊजी म्हणाले, "एकदा तरी चुकून रोल घातला असता आत्याबाईत. एकदा तरी."

मला राग आला. मी म्हटलं, "आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं. आता त्याचा काय उपयोग? जाऊन तिला खरं सांगा."

त्यांनी हनुवटीचा फोटो मोठा केला, ओझ्यांचे पाच-सहा केले, आणि ती दुकानात आली तेव्हा सगळे काउंटरवर मांडले. तिने मुलीला खाली ठेवलं आणि एकेक फोटो दोन्ही हातांनी उचलून बघितला. घाई केली नाही. मग म्हणाली, "हे कपाट आहे. हे गाठोडं आहे. यात हे कुठे आहेत?"

"खाली आहे तोच," भाऊजी म्हणाले.

"ते कळतंय मला. तोंड कुठे आहे?" तिने तांब्याचा फोटो पुन्हा बघितला आणि ठेवून दिला. "ते भांग पाडून उभे राहायचे ते द्या ना."

तेव्हा भाऊजींनी सांगितलं. त्यात त्यांनी काही झाकलं नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगतो. दोन कॅमेरे का असतात, कुठल्यात काय असतं, सगळं सांगितलं. आत्याबाई गळ्यात होतीच, ती उघडून दाखवली. आत काळं, स्वच्छ, रिकामं.

तिला पहिल्यांदा कळेना. "पण आवाज यायचा म्हणाले ते."

"आवाज येतो."

"आणि तुम्ही 'अजून एक' म्हणायचात?"

"म्हणायचो."

"तेही रिकामंच?"

भाऊजींनी मान हलवली. ती रडेल, ओरडेल, निदान एखादा फोटो त्यांच्या तोंडावर फेकेल, असं मला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "मग मी उगाच ऐकलं त्यांचं. जायला पाहिजे होतं स्टुडिओत." मुलीला उचललं आणि गेली. फोटो तिथेच राहिले.

तिने कुणाजवळ तक्रार केली नाही. फक्त न्हाव्याने विचारलं, फ्रेम झाली का, तर त्याला खरं उत्तर दिलं. पण गोष्ट न्हाव्याच्या कानावर गेली म्हणजे ती अर्ध्या शहराच्या डोक्यावरून फिरते. संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराला कळलं.

दुसऱ्या दिवशी भाऊजी जुन्या कपड्यांच्या बाईकडे गेले, तर तिने बसायला खोकं दिलं नाही. म्हणाली, "आधी उघडून दाखवा."

"काय?"

"कॅमेरा. आत काही आहे का बघू दे. मग माझ्याकडे रोखा."

भाऊजी तिला समजवायला लागले, की रोल असताना पाठ उघडली की आत उजेड शिरतो, आणि आत्तापर्यंत काढलेलं सगळं जळून जातं. ती हसली. म्हणाली, "हो का? म्हणजे भरलेला दाखवता येत नाही आणि दाखवता येतो तो रिकामा. छान धंदा आहे."

यात तिचं काय चुकलं? डेपोत तेच, थिएटरपाशी तेच. भाऊजी दिसले की माणसं दुरूनच ओरडायची, "उघडून दाखव!" बसची वाट बघत उभ्या असलेल्या अनोळखी माणसांनाही ते वाक्य पाठ झालं. एका हातगाडीवाल्याने तर त्यांचा रस्ताच अडवला. म्हातारा, एका डोळ्याने अधू. म्हणाला, "माझापण तुम्ही मागे काढला होता. तो कुठल्यात होता?" त्याचा फोटो खरा होता, भरलेल्यातला होता, आमच्या दुकानात लावलेलाही होता. भाऊजींनी ते सांगितलं नाही. त्यांनी गळ्यातला भरलेला कॅमेरा काढला आणि भर उन्हात, त्याच्या समोर, पाठ उघडली. आतली पट्टी चकाकली. म्हाताऱ्याने वाकून बघितली, समाधानाने मान डोलावली आणि भिंतीला टेकून पोझ देऊन उभा राहिला. आता काढा म्हणाला. उजेड लागलेल्या त्या पट्टीवर आता काहीच येणार नव्हतं. भाऊजींनी कॅमेरा बंद केला, डोळ्याला लावला आणि खट् केलं.

तो त्यांनी दाबलेला शेवटचा खटका. घरी येऊन दोन्ही कॅमेरे त्यांनी कपाटावर ठेवले. ताई म्हणाली, परत स्टुडिओत विचारून बघा. त्यांनी तिच्याकडे असं बघितलं की तिने पुन्हा विषय काढला नाही. काही महिने घरात बसून होते. मग मीच म्हटलं, दुकानात या, मला काच कापायला माणूस हवाय. ते आले. मेहुण्याच्या दुकानात नोकरी म्हणजे कुठल्याही जावयाला मरणच, पण त्यांनी त्याचीही कुरकुर केली नाही. मी चेष्टा करायचो, ते हसायचे नाहीत. मीही हळूहळू सोडून दिलं.

काच मात्र ते उत्तम कापायचे. वीस वर्षं कापली. या वीस वर्षांत बाजार बदलला, न्हाव्याचा मुलगा दुकान विकून गेला, लोकांच्या खिशाखिशात कॅमेरे आले आणि माणसं जेवतानासुद्धा स्वतःचे फोटो काढायला लागली. कुणाला आत काय आहे ते उघडून बघायची गरज उरली नाही. भाऊजींनी एकदाही कुणाचा फोटो काढला नाही. ताईने नातेवाइकांकडे एका कार्यात त्यांच्या हातात फोन दिला, आमच्या सगळ्यांचा काढा म्हणून. त्यांनी तो शेजारच्याच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

कंगव्याच्या बायकोची फ्रेम माझ्या फळीवर तशीच होती. दोन-तीनदा तेवढ्याच मापाचं काम आलं, पण मी ती दिली नाही. बाई पुन्हा आमच्या गल्लीत आली नाही. कुठल्याशा कारखान्यात लागल्याचं कानावर आलं होतं.

मग या वर्षी एक मुलगी आली. विशी ओलांडलेली, हातात गुंडाळी आणि एक पाकीट. मला म्हणाली, "काका, तुम्ही इथले जुने ना? माझे बाबा याच बाजारात हमाली करायचे. त्यांना सगळे कंगवा म्हणायचे."

मागे भाऊजींची काच कापायची हिरकणी थांबली. मी मागे वळलो नाही.

तिने पाकिटातून फोटो काढला. तिची आई, अकाली म्हातारी झालेली, कारखान्याच्या पासवरच्या फोटोवरून मोठी केलेली. "आई गेल्या महिन्यात गेली," ती म्हणाली. "तिच्या ट्रंकेत हे होतं. दोघांना शेजारी शेजारी लावायचंय." आणि तिने गुंडाळी काउंटरवर उलगडली.

पोस्टरवाल्याचं काम. सही बघायची गरज नव्हती. रुंद जबडा, काजळ घातल्यासारखे डोळे, कपाळावर एक बट, मागे निळं-गुलाबी आकाश. मधोमध भांग तेवढा खरा.

"आईने त्याला सांगून सांगून काढून घेतलं होतं. पण भिंतीवर कधी लावलं नाही. म्हणायची, हे ते नव्हेत. मी विचारायची, मग कसे होते? तर तिला सांगता यायचं नाही. नुसती या चित्राकडे बघायची आणि परत गुंडाळून ठेवायची. खरे फोटो होते म्हणे बाबांचे. पुष्कळ होते. कुणी फोटोग्राफर होता, त्याच्याकडे. आई म्हणायची, त्याच्या घरात पाणी शिरलं आणि सगळे भिजून गेले बिचाऱ्याचे."

मी फळीवरची ती जुनी फ्रेम उतरवून पुसायला लागलो. तिच्या आईचा फोटो, भोवती पुठ्ठ्याचा समास ठेवला तर, त्यात बरोबर बसत होता. नवऱ्यासाठी निवडलेल्या फ्रेममध्ये आता तीच बसणार होती.

"काका, तुम्ही बाबांना बघितलंय ना? असेच होते का?"

मी म्हटलं, "मला त्याचा कंगवा आठवतो, बाळ. भांग आठवतो. चेहरा..." आणि खरंच पुढे काही येईना.

भाऊजी हात पुसत पुढे आले. तिने त्यांनाही तेच विचारलं, त्यांना ओळखण्याचं तिला काही कारण नव्हतं. ते चित्रावर वाकले. किती वेळ बघत होते. मग म्हणाले, "हो. असेच होते. अगदी हुबेहूब."

"डोळेसुद्धा?"

"डोळेसुद्धा."

तिचा सगळा चेहरा उजळला. "मग आई उगाचच म्हणायची," ती म्हणाली, आणि थोडी रागावल्यासारखी हसली. "इतकी वर्षं ट्रंकेत ठेवलं बाबांना. आता बघा मी कसं लावते ते." परवा न्यायला येते म्हणून गेली.

ती वळणापलीकडे जाईपर्यंत मी दम धरला. मग म्हटलं, "कशाला खोटं बोललात? त्या बाईने आयुष्यभर 'हे ते नव्हेत' एवढी एक गोष्ट खरी धरून ठेवली होती, तीही घालवलीत तुम्ही. हा काय कंगवा आहे? हा सिनेमातला कुणीतरी आहे."

"मग तो कसा होता?" भाऊजींनी विचारलं.

"मला काय विचारता? मी माझ्या पट्ट्या कापत बसायचो. तुम्ही त्याला समोर उभं करून डोळा लावून बघायचात. एकदा नाही, पन्नासदा. तुम्ही सांगा."

ते चित्राची कड बोटाने सरळ करत राहिले.

"डोळा लावला की आत आधी सगळं पुसट दिसतं," ते म्हणाले. "मग भिंग फिरवून माणूस स्पष्ट करावा लागतो. रिकाम्या कॅमेऱ्यात ते कोण करतं? मी एकदाही फिरवलं नाही."

मग त्यांनी मला चित्राचं माप विचारलं. मी सांगितलं, आणि ते काच घ्यायला मागे गेले.